शालनमावशीची परात

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. आता मला ओळखणारे हसतील — पम्या, आणि न सांगितलेलं? ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही! बरोबर आहे. गल्लीत कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या टाकीत मेलेलं कबुतर निघालं — पहिली बातमी माझ्याकडनं, आणि ती पण त्या-त्या माणसाच्या आवाजात. पण ही एक गोष्ट मी तोंडात धरून बसलोय. इतकी वर्षं. आणि वरनं गप्पा मारतोय, जोक मारतोय, कोणाला कळू नये म्हणून जरा जास्तच मारतोय.

कुठनं सुरू करू? आवाजापासनंच करतो.

मी आवाज काढतो. म्हणजे माणसांचे. शाळा पोलादपूरला झाली, मामाकडे राहून, आणि तिथनं काय शिकून आलो विचाराल तर — हेडमास्तरांचा आवाज, एसटी कंडक्टरचा आवाज, आणि मामीचा मामावर चिडतानाचा आवाज. गणित तेवढं राहिलं. दहावीनंतर दिव्याला आई-बाबांकडे आलो तेव्हा गल्लीत मला कोणी ओळखत नव्हतं. पंधरा दिवसांत सगळे ओळखायला लागले, कारण पाण्याच्या टँकरवाल्याचा आवाज काढून मी अख्ख्या गल्लीला हंडे घेऊन बाहेर पळवलेलं. बायकांनी धुतला मला. पण हसत हसत.

मागे ठाण्याला एका हॉलमध्ये मला बोलावलेलं, थोडी करमणूक करायला. आपल्यासारखीच पोरं-पोरी होती, घरकाम करणाऱ्या बायका होत्या, काही ट्रान्स लोक होते. गोल करून बसलेले आणि विषय काय — पोलीसच नसले तर? मला आधी वाटलं जोक आहे. मग एक बाई बोलायला लागली, की ती तक्रार करायला गेलेली तर तिलाच संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं, आणि विचारलं काय, तर नवरा असताना तू कामावर इतकं नटून का जातेस. मग दुसरी बोलली. मग तिसरी. प्रत्येकीकडे एक बाक होता. शेवटी बॉबकटवाली एक पोरगी उठली आणि बोलली, ते सगळं कळलं, पण मग त्यांच्या जागी काय? उद्या मला कोणी मारलं तर मी कोणाला हाक मारू?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मला उत्तर माहीत होतं. खरं सांगतो, त्या अख्ख्या हॉलमध्ये बहुतेक मलाच माहीत होतं. उत्तर होतं — मेथी. नाहीतर गवार. पण मी तोंड उघडलं आणि काय केलं? माझा हिट आयटम केला. पोलीस चौकीतल्या साहेबांचा आवाज. हॉल फुटला. नंतर तीच पोरगी जवळ आली आणि बोलली, तू वाक्य अर्ध्यात सोडतोस ना, त्याने अंगावर काटा येतो, कुठनं शिकलास? मी बोललो, असंच. ऐकून ऐकून.

खोटं. मला ते शालनमावशीने शिकवलेलं.

शालनमावशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउजला हुक लावायची. शालन हे नाव तिने स्वतः घेतलेलं — लहानपणी शाळेत तिला एकच बाई प्रेमाने वागवायच्या, त्यांचं नाव. आई-बापाने ठेवलेलं नाव मुलाचं होतं, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. म्हणजे गल्लीत सुरुवातीला कुजबुज झालेली असणारच. पण मी आलो तोवर ती सगळ्यांची शालन झालेली, आम्हा पोरांची मावशी.

तिच्याकडे एक मोठी स्टीलची परात होती. काठावर भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव घालून घेतलेलं — शालन. पुढे तारीख नाही, कोणाकडून भेट नाही, आडनाव नाही. नुसतं शालन. आधार कार्डावर जुनंच नाव होतं तेव्हा. ती बोलायची, माझं खरं कार्ड ही परात.

ह्या परातीचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे मेथीचं कोडं सुटेल.

मी यायच्या आधीची गोष्ट. आमच्या शेजारच्या अरुणाकाकूंचा हात नवऱ्याने मोडलेला. शालनमावशीने पोलिसांना फोन केला. पोलीस आले. अरुणाकाकूंना बोलले, घरचं घरात मिटवा. नवऱ्याला बोलले, जरा दमाने घे. आणि शालनमावशीला बोलले, तू इथे काय करतेस, चल गाडीत बस. का? तर बस म्हटलं की बसायचं. ती दुसऱ्या दिवशी परत आली. चौकीत काय झालं ते तिने बायकांना सांगितलं, पोरांना नाही. पण त्या दिवशी गल्लीतल्या मंदाकाकूंच्या दारात बसून बायकांनी ठरवलं — ह्यापुढे गल्लीत पोलीस आणायचा नाही. त्याचं नाव पण घ्यायचं नाही. धमकी म्हणून पण नाही. आणि हा नियम मांडला कोणी? शालनमावशीनेच.

मग कोणी मारहाण केली तर? तर भाजी निवडायला जायचं.

हसू नका. असं असायचं — एखाद्या घरातनं आवाज आला, की दुसऱ्या दिवशी बायका आपापली भाजी घेऊन त्या घरात. न बोलावता. मेथी, गवार, घेवडा, ज्यात वेळ जातो अशी. मधे शालनमावशीची परात, भोवती बायका. झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. टँकर, रेशन, कोणाच्या सुनेचं काय. नवरा कामावरनं येतो तर घरात ही फौज! बिचाऱ्याला पॅन्ट बदलायला जागा नाही. ओरडणार कोणावर? त्या त्याला चहा देणार, विचारणार, भाऊ, आज उशीर झाला? आणि तो मुकाट जेवून झोपेपर्यंत हलणार नाहीत. उद्या परत. परवा परत. पाळ्या लावून. मग एका दिवशी शालनमावशी एक जुडी त्याच्यासमोर ठेवायची. निवड रे, बोलायची. बस, एवढंच. कोणी चिडून निघून जायचा. पण कोणी — कोणी बसायचा. ज्या दिवशी बाप्या पानं तोडायला बसला त्या दिवशी तो बोलायला लागायचा. का मारलं, कशाने डोकं फिरलं, परत नाही — असं सगळं. म्हणून आमच्या गल्लीत पुरुष भाजी निवडताना दिसला की बायका एकमेकींना विचारायच्या, काय केलंय ह्याने?

सगळ्यांवर चाललं असं नाही. अरुणाकाकूंचा नवरा नाही बसला. तेव्हा काकू पोरांना घेऊन शालनमावशीच्या खोलीत राहिल्या, तो स्वतःच दुसरीकडे निघून जाईपर्यंत. लय हळू काम होतं हे. महिना, दीड महिना. पण चालायचं.

मी ह्याच्यात कुठे? मी उंबऱ्यावर. बायकांना हसवायला. निवडायला नाही हां — मला गवारीच्या शिरा काढायचा कंटाळा. मी आवाज काढायचो आणि शालनमावशी ऐकायची. ती वेगळंच ऐकायची. बाकीच्या हसायच्या, ती डोळे बारीक करून बोलायची, टँकरवाला बोलायच्या आधी श्वास घेतो, तू घेतला नाहीस. कारण आवाजाचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मी मजेसाठी करायचो. तिने स्वतःचा आवाज स्वतः घडवलेला. कुकर लावला की सराव करायची, कारण शिट्टीत आवाज लपतो. कितीतरी वर्षांचा वरण-भात गेला त्यात, बोलायची. आणि एकदा बोललेली — माझा एक आवाज मी गाडून टाकलाय पम्या. तो कोणी मागितला तरी काढायचा नाही, असं मी मला वचन दिलंय.

साहेबाचा आवाज मी विसर्जनाच्या बंदोबस्तात उचललेला. जीपमधनं माइकवर ओरडणारा. ए पिवळा शर्ट, मागे हो! खाकरणं, घोगरा आवाज, सगळं जमलेलं. पण शालनमावशी बोलली, नाही. साहेब ओरडतो तो गर्दीवर. एकट्या माणसाशी तो हळू बोलतो. आणि वाक्य पुरं करत नाही. अर्ध्यात सोडतो. उरलेलं समोरच्याने घाबरून स्वतः पुरं करायचं असतं. मी करून बघितलं. बायका हसायच्या थांबल्या. ती पण थांबली. मग बोलली, चांगला जमलाय. पण हा स्टेजवरच ठेव हां. ह्याची चटक लागते.

आता येतो. येतोच आहे, थांबा जरा.

आमच्या समोर वैशालीवहिनी राहायला आलेली. नवीन लग्न. नवरा सचिन, कुरिअरमध्ये. वहिनी माझी एक नंबरची प्रेक्षक. नळावर हंडा लावला की बोलायची, पम्या, मामी लाव. जसा काही मी रेडिओ. आणि हसायची अशी की हंडा भरून वाहिला तरी कळायचं नाही. तर एका सकाळी मी स्वतःहून मामी लावली आणि वहिनी हसली नाही. हसायला गेली, पण तोंड उघडेना. जबडा सुजलेला. पदर वर घेतलेला तिने. हाताने खूण केली — नको.

त्याच दुपारी बायका बसल्या तिच्याकडे. परात मधे. सचिन आला, बघितलं, चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. आणि मी उंबऱ्यावर बसून बघत होतो आणि मला वाटायला लागलं — हे काय चाललंय? तो माणूस मस्त चहा पितोय आणि ह्या घेवडा मोडतायत? किती दिवस? मला वहिनीचं हसणं परत पाहिजे होतं. आत्ता पाहिजे होतं.

हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं असं, की मला बघायचं होतं आवाज चालतो का. स्टेजवर नाही, खऱ्या माणसावर. वहिनीचा जबडा हे मला मिळालेलं निमित्त होतं. हे बोलायला मला इतकी वर्षं लागली.

कोपरला एका मित्राच्या रूमवर गेलेलो. त्याला खाली कोल्ड्रिंक आणायला पाठवलं. माझ्याकडे गावचं एक जुनं सिम होतं, त्यावरनं सचिनला लावला. खाकरलो. हळू बोललो. सचिन का... हां. चौकीतनं बोलतोय. बायको कशी आहे? बरी आहे? बरी असू दे. नाहीतर मी आलो ना तिकडे, तर तुला मग...

आणि सोडलं. अर्ध्यात.

पलीकडे नुसता श्वास. मग सचिन बोलला, नाही साहेब. होणार नाही साहेब. एवढा मोठा माणूस, दंड असे, आणि आवाज पोरासारखा झालेला. मला साहेब बोलला! तुम्हाला सांगू कसं वाटलं? भारी वाटलं. छाती एवढी झाली. तिथे फोन ठेवायला पाहिजे होता. पण चटक — बोललेली ना ती. मी त्याच आवाजात पुढे बोललो. आणि त्या बायका भाजी घेऊन येतात ना, त्यांना गपचूप बसू द्यायचं. कळलं ना? नाहीतर...

हे बोललो आणि सगळं घालवलं. का ते तुम्हाला लगेच कळलं असेल, मला नाही कळलं. चौकीतल्या साहेबाला आमच्या गल्लीतली भाजी कशी माहीत?

चार-पाच दिवस सचिन एकदम गाय. मी उंबऱ्यावर बसून मनात हसायचो. बघा, ह्यांना महिना लागतो, मी एका फोनमध्ये केलं. पण सचिनच्या मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. त्याने ते एका ओळखीच्या हवालदाराला ऐकवलं. कुठली चौकी ते सांगत नाही. तो बोलला, असा कोणी साहेब आमच्याकडे नाही, कोणीतरी तुला उल्लू बनवलाय. मग सचिनने डोकं लावलं. भाजीचं माहीत असणारं कोण? त्या बायका. आणि बायकांमध्ये पुरुषाचा आवाज कोणाकडे?

नंबर कोणाचा हे शोधायला, की गल्लीत आवाज काढणारं पोर कोण ते आठवायला, कोणी गेलंच नाही. गरज काय? शालनमावशी होती ना.

दुपारी सचिन आणि तो हवालदार आले. बायका वहिनीच्या दारात बसलेल्या, गवार चाललेली. मी उंबऱ्यावर. हवालदाराने बोट केलं — तू, ऊठ. शालनमावशी उठली. मांडीवरची परात कुठे ठेवायची म्हणून तिने इकडे तिकडे बघितलं, आणि माझ्या हातात दिली. धर रे, बोलली. एका बाजूला निवडलेली गवार, एका बाजूला राहिलेली. मला अजून कळलेलं नव्हतं कशासाठी आलेत. मग सचिनने मोबाइल वर धरला आणि बोलला, साहेब, ह्याच्यात आहे हिचा आवाज. हिचा खरा आवाज.

तेव्हा कळलं.

मी परात धरून उभा होतो. मी एक वाक्य बोलायचं होतं. माझ्याच आवाजात, जो मला फुकट मिळालाय, ज्याच्यासाठी मला कधी कुकर लावायला लागला नाही. नाही बोललो. गाडी गेली. मी परात घेऊन घरी आलो आणि गवार गॅलरीतनं मागे टाकून दिली. सगळी. निवडलेलीसुद्धा.

चौकीत काय झालं ते मी बघितलेलं नाही. मंदाकाकू आणि माझी आई गेलेल्या मागनं, त्यांना दरवाजाशी उभं केलेलं. आईने घरी येऊन सांगितलं, मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं नाटक करत होतो. नाव विचारलं. शालन बोलली. हसले. खरं नाव सांग. नाही सांगितलं, तर आधार कार्ड मागितलं आणि ते नाव मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग रेकॉर्डिंग लावलं. ती बोलली, परत लावा. परत लावलं. आई बोलली, दुसऱ्यांदा ऐकताना तिने डोळे बारीक केलेले.

तुम्हाला कळतंय ना, ती काय ऐकत होती? खाकरणं. श्वास. अर्ध्यात सोडलेलं वाक्य. तिने स्वतः शिकवलेलं. जगात ते आणखी कोणाला येत होतं?

मग ती बोलली, माझाच आहे.

त्यांना तेवढ्याने भागेना. करून दाखव, बोलले. तुझ्या खऱ्या आवाजात बोल. आणि तिने काढला. गाडलेला. आई बोलली, अहो हुबेहूब. चौकीतले टाळ्या वाजवायला लागले. मग आतनं कोणीतरी आला, त्याला परत दाखव. चहावाला आला, त्याला पण दाखव. संध्याकाळपर्यंत तेच. गुन्हा-बिन्हा काही लिहिला नाही. करमणूक झाली, सोडून दिलं. आई एवढं बोलली आणि बाबांना बोलली, पण शालनने असं करायला नको होतं हो. आपला नियम होता.

दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या होत्या. मी हंडा घेऊन रांगेत. शालनमावशी आली. घसा पूर्ण बसलेला, जे काही निघत होतं ते ना हा आवाज ना तो. मंदाकाकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मंदाकाकू चिडल्या की हळू बोलतात. बोलल्या, "शालन, तूच बोललेलीस ना, धमकीला पण पोलीस नको? आणि तूच खोटा पोलीस घेऊन आलीस आमच्यात? मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय राहिला गं?"

शालनमावशीने माझ्याकडे बघितलं नाही. मी वाट बघत होतो की बघेल. बघितलं असतं तर मी बोललो असतो — असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलंय. तिने हंडा नळाखाली सरकवला आणि बोलली, "चुकलं."

आणि मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, माझा हंडा भरला आणि घरी आलो.

तिला कोणी टाकलं नाही हां. कोणी वाईट बोललं नाही. फक्त नंतर भाजी निवडायला बसल्या तेव्हा तिला हाक मारायला कोणी गेलं नाही. साड्या यायच्या फॉलला, पण बायका दारातनंच देऊन जायच्या. चौकीत काढलेला आवाज आई आणि मंदाकाकूंनी ऐकलेला, आणि गल्लीत गोष्ट जशी फिरते तशी ती फिरली. कोणीतरी पोर एकदा तिच्या दारासमोरनं जाताना खाकरलं. साहेबासारखं. ते पोर मी नव्हतो, पण खाकरणं माझंच होतं ना?

गणपती झाल्यावर ती खडवलीला गेली. तिच्या एका मैत्रिणीची खोली आहे तिकडे. सामान टेम्पोत चढवायला मी मदत केली. मशीन मी उचललं. ती बोलली, सांभाळून, सुई आहे. बस, एवढंच बोलणं. वैशालीवहिनीचं पुढे काय झालं विचाराल — सचिन परत सुरू झाला, बायकांमध्ये तेव्हा जुडी पुढे ठेवणारं कोणी उरलं नव्हतं, वहिनी कल्याणला आईकडे निघून गेली. आता तिथेच असते, नोकरी करते. तिचं हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

आणि परात? परात आमच्याकडेच राहिली. टेम्पो भरताना ती आमच्या ओट्याखाली होती आणि मला माहीत होतं ती तिथे आहे. द्यायची तर डोळ्यांत बघून द्यायला लागणार होती. आईला वाटतं मावशीने जाताना ठेवून दिली. ती त्यात भाकरीचं पीठ मळते. काठावरचं नाव आता पुसट झालंय, बोट फिरवलं की लागतं.

तिने का केलं तसं? मला वाचवायला? मी पोरगा होतो, मला त्यांनी फोडला असता, हे तिला माहीत होतं म्हणून? की तिला माहीत होतं की ती काहीही बोलली तरी ते तिचंच धरणार? मी विचारलं नाही. ज्याने विचारायला पाहिजे होतं तोच लपून बसलेला, मग उत्तर कुठनं मिळणार. एवढं मात्र मला माहीत आहे, की मी त्या आवाजावर पुढे टाळ्या घेतल्या. तिच्या अर्ध्या वाक्यावर. ठाण्याच्या हॉलमध्ये पोरगी विचारत होती, हाक कोणाला मारू, आणि जी हाकेला यायची तिला मी घालवून आलेलो.

लोक बोलतात पोलीस नको. बरोबर आहे. पण माझ्याकडे ना वर्दी होती, ना काठी, ना कोणाचा हुकूम. नुसता घसा. तरी एक फोन पुरला मला साहेब व्हायला.

आज बाजारातनं गवार आणली. पावभर पुरली असती, जास्तच आणली. आत्ता हे तुम्हाला सांगतोय तेव्हा परात माझ्या मांडीवर आहे आणि मी शिरा काढतोय. नीट येत नाही. शेंडा मोडला की शीर अर्ध्यात तुटते, मग नखाने दुसऱ्या बाजूनं ओढायला लागते. आधी आईला सांगायचं, मग मंदाकाकूंना, मग नळावर जी कोणी असेल तिला. मग खडवली. परात तिची आहे, ती तिला पोचायला पाहिजे. ती काय बोलेल, दार उघडेल की नाही, हे तिचं.

आई दारात येऊन उभी राहिलीय. आधी तिने परातीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. आमच्या गल्लीत पुरुष गवार निवडत बसला की बाई काय विचारते ते तुम्हाला माहीतच आहे. तिने विचारलं नाही. पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसली. मदतीला हात लावला नाही. नुसती बसलीय.

आई, सचिनला फोन मी केलेला. तो आवाज माझा होता.